नऊ मिनिटांसाठी काउंटी कोर्टात

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातला शनिवार, ४ नोव्हेंबर २०२३. आम्ही कॉव्हेंट्रीहून लेस्टरला गेलो होतो. बेलग्रेव्ह रोडला जाऊन पणत्या, रांगोळीचे रंग, पातळ पोहे, मिठाई घ्यायची आणि मग ताईकडे चहाला जायचं, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता. गाडी जवळच्याच एका खाजगी पार्किंगमध्ये लावली. जागा सापडेपर्यंत आणि मग मशीनपुढच्या रांगेत अशी मिळून बारा मिनिटं गेली. दोन तासांचे पैसे भरले. मशीनमधून तिकीट आलं ते मी खिशात टाकलं, त्यावर काय छापलंय ते तेव्हा पाहिलंही नाही.

सव्वाचारच्या आत आम्ही पिशव्यांसकट गाडीत होतो आणि जागेवरून गाडी बाहेरही काढली होती. पण बाहेर पडायची वाट पुढे मुख्य रस्त्याला मिळते आणि तिथे सगळं तुंबलेलं. चालत गेलो असतो तर दोन मिनिटांत फाटकापाशी पोचलो असतो, तेवढ्या अंतराला वीसहून जास्त मिनिटं लागली.

पार्किंग कंपनीचं पाकीट आलं १५ तारखेला. आत नंबरप्लेटचे दोन फोटो: आत येताना २.०७, बाहेर पडताना ४.३८. दोन तासांचे पैसे भरून दोन तास एकतीस मिनिटं थांबलात, म्हणून १०० पौंड. चौदा दिवसांत भरले तर ६०.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मलाही ती तेव्हा ठाऊक नव्हती. आपण सरसकट ‘फाइन आला’ म्हणतो. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, पाठवते ती पेनल्टी चार्ज नोटीस. तिच्यामागे कायद्याने दिलेला दंडाचा अधिकार असतो. खाजगी कंपनी पाठवते ती पार्किंग चार्ज नोटीस. दोन्हींचं संक्षिप्त रूप पीसीएनच, आणि कागदही बऱ्याचदा सारखाच दिसतो. पण खाजगी नोटीस हा दंड नसतो. कंपनीचं म्हणणं इतकंच असतं की फलकावरच्या अटी मान्य करून तुम्ही गाडी लावलीत, म्हणजे करार झाला, आणि तो तुम्ही मोडलात. तुमचा पत्ता ती डीव्हीएलएकडून, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडून, दर चौकशीमागे अडीच पौंड भरून घेते. म्हणजे सगळं भांडण कराराचं असतं: अट काय होती आणि ती मोडली का. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर पुढची दीड वर्षं गेली नसती.

कंपनीकडे केलेल्या पहिल्या अपिलात मी मनापासून सगळं लिहिलं. सणाची गर्दी, मागच्या सीटवर रडणारी लहान मुलगी, आम्ही नियमाने पैसे भरणारी माणसं. तीन ओळींत नकार आला. मग स्वतंत्र अपील. पार्किंग कंपन्यांच्या इथे दोन संघटना आहेत आणि प्रत्येकीची अपिलाची वेगळी व्यवस्था. एकीची पॉपला, दुसरीची आयएएस. आमची कंपनी ज्या संघटनेची सदस्य होती तिच्याकडे मी तेच पत्र जरा मोठं करून पाठवलं. पुरावा म्हणून फक्त बँकेचं स्टेटमेंट जोडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेही फेटाळलं गेलं.

निकाल मी बऱ्याच वेळा वाचला. राग ओसरल्यावर दिसलं की तपासणाऱ्याने कंपनीच्या दोन फोटोंतला वेळ पाहिला आणि माझ्या पत्रात त्याला उत्तर शोधलं. ते तिथे नव्हतंच. तिथे माझी अडचण होती. अडचणीवर नोटीस रद्द करणं त्यांच्या हातात नसतं. नोटीस नियमाप्रमाणे निघाली का, एवढंच ते बघतात.

पण त्या निकालाने कंपनी बांधली जाते, गाडीवाला नाही. अपील हरलो तरी माझं म्हणणं कोर्टासमोर मांडायचा माझा हक्क तसाच राहतो. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि हरल्यावर लगेच शंभर पौंड भरले जातात.

मी भरले नाहीत. मग वसुली एजन्सीची पत्रं सुरू झाली. रक्कम १०० ची १७० झाली, अक्षरं लाल आणि मोठी झाली. अशा एजन्सीला घरी येऊन काही उचलून न्यायचा अधिकार नसतो; कोर्टाचा निकाल झाल्याशिवाय बेलिफ येऊ शकत नाही. तरी दारात पत्र पडलं की बायकोचा चेहरा उतरायचा. पुढच्या वर्षी आमचा आयएलआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज होता आणि त्या अर्जात पैसे न भरल्याबद्दल कोर्टाचा निकाल झालाय का, हा प्रश्न असतो. ती म्हणाली, “अरे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. परक्या देशात तर नकोच. भरून टाक.” तिचं चुकत नव्हतं. इकडे ऑफिसातला एक जण सांगत होता, फाडून टाक, काही होत नाही. हा सल्ला जुना झाला आहे. २०१२ च्या कायद्याने, नोटीस नियमात बसत असेल तर, गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याने चालक कोण हे सांगितलं नाही तरी त्याच्याकडून वसुली करायची वाट कंपन्यांना मिळाली. आणि २०१५ मध्ये बीव्हिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने चेम्सफर्डमधल्या एका रिटेल पार्कातली ८५ पौंडांची आकारणी वैध ठरवली. फाडून टाकणाऱ्याच्या नावावर कोर्टाचा एकतर्फी निकाल लागतो. तो महिनाभरात भरला नाही तर सहा वर्षं नोंदीत राहतो, आणि घराचं कर्ज मागायला गेलं की समोर येतो.

त्या २०१२ च्या कायद्यातला एक मुद्दा मी तपासला. काचेवर काही न लावता नुसत्या कॅमेऱ्यावरून नोटीस काढली असेल, तर ती चौदा दिवसांत त्या नोंदणीच्या पत्त्यावर पोचायला हवी. माझी अकराव्या दिवशी आली होती. शिवाय गाडी मीच चालवत होतो हे मी अपिलात लिहून बसलो होतो. ती वाट बंद झाली. ज्यांची नोटीस उशिरा आली आहे त्यांनी मात्र चालक कोण हे लिहिण्याआधी दिवस मोजावेत.

जूनमध्ये वकिलांचं पत्र आलं, दावा लावण्याआधीचं. याला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. हे पत्र वसुलीच्या पत्रांसारखं बाजूला टाकायचं नाही. मी त्या तीस दिवसांत दोन कामं केली. एक म्हणजे माझ्याबद्दलची सगळी माहिती कंपनीकडे लेखी मागितली. डेटा संरक्षणाच्या कायद्याप्रमाणे ती एका महिन्यात आणि फुकट द्यावी लागते. दुसरं काम म्हणजे गाडी उपसली. ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात, मिठाईच्या दुकानाच्या पावतीला चिकटलेलं ते तिकीट सापडलं. असल्या कागदावरची शाई उडत जाते. अक्षरं करडी पडली होती, पण वाचता येत होती. २.१९ पासून ४.१९ पर्यंत. मी तिथेच उभ्या उभ्या चार फोटो काढले. पुढे कंपनीने पाठवलेल्या माहितीत मशीनची नोंद होती, तिच्यातही हेच आकडे.

त्या दिवशी मला माझी केस कळली. कंपनी कॅमेऱ्यापासून कॅमेऱ्यापर्यंत मोजत होती. पण त्यांच्याच मशीनने मला विकलेला वेळ ४.१९ ला संपत होता. वर त्यांच्या संघटनेच्या आचारसंहितेप्रमाणे वेळ संपल्यावर किमान दहा मिनिटांची सवलत असते. ४.२९ झाले. उरली नऊ मिनिटं. आणि ती नऊ मिनिटं गाडी पार्क केलेली नव्हती, रांगेत उभी होती.

रांग कशी सिद्ध करायची? डॅशकॅमचं चित्रण केव्हाच पुसलं गेलं होतं. बायकोने फोन चाळायला घेतला. ताईला तिने ४.१४ ला मेसेज केला होता: ‘ताई, निघालोय पण गाडी हलत नाहीये. चहा टाकू नका अजून.’ आणि ४.२७ ला मुलीने बायकोच्याच फोनवरून काचेतून काढलेला एक फोटो: अंधारून आलेलं आणि पुढे ब्रेकच्या लाल दिव्यांची रांग. लेकीला ते दिवे आवडले होते म्हणून काढलेला.

ऑगस्टमध्ये कोर्टाचा क्लेम फॉर्म आला. मूळ शंभर, वसुलीचे सत्तर, आठ टक्क्यांनी व्याज, कोर्ट फी ३५, वकिलाचे ५०. मिळून २६५ पौंडांच्या आसपास. इथे तारखा पाळणं हेच सगळं. फॉर्म निघाल्यापासून पाच दिवसांनी तो पोचला असं धरतात. त्यानंतर चौदा दिवसांत ऑनलाइन पोच नोंदवली की बचाव दाखल करायला पोचल्यापासून एकूण अठ्ठावीस दिवस मिळतात. माझा बचाव दीड पान झाला. क्रमांक घातलेले परिच्छेद, एकेका परिच्छेदात एकच मुद्दा. यावेळी त्यात दिवाळी फक्त तारीख म्हणून आली.

दोन कायदेशीर आधार मी घेतले. ग्राहक हक्क कायदा, २०१५, कलम ६९: करारातल्या अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ धरायचा. आणि ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टातला २०१६ चा जॉप्सन खटल्यातला अपिलाचा निकाल. त्यात न्यायाधीश म्हणतात की नुसती गाडी थांबणं म्हणजे पार्किंग नव्हे, नाहीतर वाहतूक कोंडी म्हणजे पार्क केलेल्या गाड्यांच्या रांगा म्हणाव्या लागतील. हे वाक्य वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी बायकोला उठवून वाचून दाखवलं.

मे २०२४ पासून अशा छोट्या दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची झाली आहे. फुकट असते, तासाभराची. मध्यस्थ दोघांशी वेगवेगळं बोलतो, निकाल देत नाही. तिथलं बोलणं गोपनीय असतं म्हणून ते लिहीत नाही. तडजोड झाली नाही.

मग दावा आमच्या शहरातल्या कोर्टाकडे आला. समोरची बाजू मोठी कंपनी आणि प्रतिवादी साधा माणूस असला की सुनावणी त्याच्या गावाजवळ होते, हे फार बरं आहे. सुनावणीची फी दावा लावणाऱ्याने भरायची असते आणि पुष्कळ कंपन्या त्या टप्प्यावर दावा मागे घेतात असं मी ऐकलं होतं. आमच्या कंपनीने ती भरली. सुनावणीच्या चौदा दिवस आधी मी साक्षीचं निवेदन आणि पुरावे पाठवले. मेसेज मराठीत होता, म्हणून खाली शब्दशः इंग्रजी भाषांतर दिलं. मधल्या काळात लेस्टरला जाऊन फलकांचे फोटो काढून आणले होते. फलकावर दर होते, ‘पार्किंगचा वेळ’ असे शब्द होते. तो वेळ आत शिरल्या क्षणापासून मोजला जाईल असं कुठेही नव्हतं.

एप्रिल २०२५ मध्ये सुनावणी झाली. मी पाय लटपटत गेलो, हे कबूल करतो. कोर्ट म्हणजे डोळ्यांसमोर कठडा आणि काळे झगे येतात. ही एक साधी खोली होती, मध्ये लांब टेबल, टोकाला न्यायाधीश बाई साध्या कपड्यांत. त्यांना ‘जज’ म्हणायचं, एवढं मी विचारून ठेवलं होतं. कंपनीकडून त्या दिवसापुरता नेमलेला एक तरुण वकील आला होता. तो सभ्य होता, आणि कंपनीचा माणूस कोणीच नव्हता.

त्याने मराठी मेसेजला हरकत घेतली की भाषांतर प्रतिवादीचंच आहे. बाईंनी मला शब्द न् शब्द सांगायला लावला. मी सांगितला. त्यांनी विचारलं, ताई म्हणजे कोण. मोठी बहीण, म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. मग त्या वकिलाकडे वळल्या आणि म्हणाल्या, वेळ कॅमेऱ्यापासून मोजायचा हे फलकावर कुठे लिहिलंय ते मला दाखवा. त्याने पानं उलटली. बराच वेळ उलटली. मग म्हणाला की तो अर्थ गृहीत धरावा लागेल.

चाळीस मिनिटांत निकाल आला. मी विकत घेतलेला वेळ तिकिटावरचा होता, तो संपण्याआधी माझी गाडी जागेवरून निघाली होती, आणि बाहेर पडायच्या रांगेत अडकणं म्हणजे पार्किंग नाही. दावा फेटाळला. ते वाढवलेले सत्तर पौंड योग्य की अयोग्य, याकडे जायची वेळच आली नाही. त्यावर न्यायाधीशांची मतं वेगवेगळी पडतात. एका दिवसाच्या बुडालेल्या पगारापोटी कमाल ९५ पौंड मागता येतात. ऑफिसचं पत्र मी नेलं होतं, ते मिळाले, आणि बसचं भाडंही.

बाहेर पायऱ्यांवर येऊन मी घरी फोन लावला. जिंकलो, म्हटलं. तिने पैशांचं काही विचारलं नाही.

“कुठे नोंद नाही ना झाली आपल्या नावावर?”

“नाही. काहीच नाही.”

फोनवर थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला. मग म्हणाली, “ताईंना तू सांग. चहाचा मेसेज त्यांना गेला होता.”