माथेरानचा जुना बंगला : तीन दिवसांच्या नोंदी

शुक्रवार, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. रात्र

खोलीचं दार उघडलं की सगळ्यात आधी वास येतो. ओल्या गोणपाटासारखा कुबट वास, आणि त्याच्यावर नुकताच मारलेला फ्रेशनर. फ्रेशनर तासाभरात विरतो आणि कुबटपणा मागे उरतो. दोघांचं जेवणासकट भाडं पाच आकडी आहे. हॉटेलचं नाव इथे लिहीत नाही, कारण जे बघितलं ते डोंगरावरच्या बऱ्याच जुन्या बंगल्यांना लागू आहे.

बंगला १९०७ च्या आधीचा, म्हणजे नेरळहून छोटी गाडी वर यायच्याही आधीचा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये इथे चढून आले. पुढे मुंबईच्या साहेबांनी आणि पारशी-बोहरी शेटजींनी घरं बांधली. लाकूड, कौलं, बिजागऱ्या, सगळं घोड्याच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून वर आलं. दगड तेवढा इथलाच, जांभा. बांधणाऱ्यांना इथला पाऊस ठाऊक होता, हे घराकडे बघताक्षणी कळतं. उंच जोतं, चौफेर दहा फूट रुंद व्हरांडा, खाली उतरलेल्या पागोळ्या, चौदा फुटांवर आढं, आणि भिंतीच्या माथ्याला झरोके. यातली प्रत्येक गोष्ट पाणी दूर ठेवायला किंवा आत शिरलेली ओल बाहेर काढायला केलेली आहे.

आज त्यातलं निम्मं बंद केलेलं दिसतं. झरोक्यांच्या खाली, नऊ फुटांवर, प्लास्टर ऑफ पॅरिसचं खोटं छत आहे. पलंगावर पडलं की डोक्यावर तपकिरी कडी दिसतात, एकात एक, झाडाच्या बुंध्यातल्या वलयांसारखी. पावसाची मोठी झड आली की छत भिजतं, पाणी पसरतं आणि वाळताना कडेला डाग सोडतं. माझ्या उशीच्या वर पाच कडी आहेत. सगळ्यात बाहेरच्या कड्याजवळ छताला किंचित पोट आलंय. तिथे छत फुगून मऊ झालेलं आहे. अशा जागेखाली पलंग ठेवू नये. प्लास्टर ओलं झालं की जड होतं, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या तारा व खिळे गंजलेले असतात. पलंग दोन हात सरकवून घेतला.

शनिवार. सकाळ

गरम पाण्याचं गणित. न्हाणीघरात पायाचा जुना पांढरा टब आहे, जाहिरातीतल्या फोटोतला. त्यात गळ्यापर्यंत बसायचं तर दीडशे लिटर पाणी हवं. भिंतीवर गीझर पंधरा लिटरचा, दोन किलोवॉटचा. पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला त्याला वीस-बावीस मिनिटं लागतात. ते थंड पाण्यात मिसळलं की अंगाला सोसेल असं तीस लिटर मिळतं, म्हणजे दोन बादल्या. टब भरायचा तर गीझर पाचदा तापवावा लागेल, आणि तोवर पहिलं पाणी गार झालेलं असेल. टब शोभेचाच आहे. तो ठेवावा, जुनी वस्तू आहे, पण भाडं सांगताना त्याचा उल्लेख करू नये.

शॉवरचं दुखणं निराळं. वर ताटाएवढी नवी चकती बसवली आहे. तिला चांगली धार यायला पाण्याची टाकी साधारण दहा मीटर उंच हवी, किंवा दाब वाढवणारा पंप हवा. इथे टाकी मागच्या लोखंडी घोडीवर, शॉवरपासून जेमतेम अडीच मीटर वर. त्यात जुने अर्ध्या इंची लोखंडी पाइप आतून गंजून बोरूएवढे उरलेले. धार येत नाही, चकतीच्या मधल्या चार-पाच भोकांतून पाणी ठिबकतं. तीन इंची साधी झारी लावली असती तर याच टाकीवर बरी आंघोळ झाली असती. सगळ्यात उत्तम म्हणजे पितळी बादली आणि तांब्या. ते मागितल्यावर लगेच मिळाले, म्हणजे ही मागणी आधीही होत असणार.

शनिवार. दुपार

आता भिंत. खरा घोटाळा इथे आहे आणि त्याबद्दल नीट लिहायला हवं.

पलंगामागच्या भिंतीवर, जमिनीपासून चार-साडेचार फुटांपर्यंत, रंगाला फोड आले आहेत. एका फोडावर अंगठा दाबला. वरचा प्लास्टिक पेंट पापडासारखा फुटला, आतून ओलसर पांढरी भुकटी सांडली, आणि तिच्यामागे करड्या सिमेंटचा थर दिसला. ती भुकटी म्हणजे लोणा. दगडातले आणि मातीतले क्षार पाण्याबरोबर वर चढतात आणि पाणी उडून गेलं की पृष्ठभागावर साठतात.

जांभा हा भोकाभोकांचा दगड. तो पाणी पितो आणि वाट मिळाली की सोडतोही. जुना चुन्याचा गिलावा ही वाट देतो. ओल भिंतीत शिरली तरी ऑक्टोबरच्या उन्हात गिलाव्यातून बाहेर पडते आणि दिवाळीपर्यंत भिंत कोरडी होते. सिमेंटचा गिलावा ती वाट बुजवतो. त्याला बारीक तडे जातातच, तड्यांतून पाऊस आत शिरतो, पण बाहेर पडायला जागा नसते. मग ओल सिमेंटच्या मागून वर चढते आणि जिथे सिमेंट संपतं तिथे फुटते. दरवर्षी मालक म्हणतो, ओल वर आली, गिलावा आणखी एक फूट चढवा. पुढच्या वर्षी ओलही एक फूट चढते. वर प्लास्टिक पेंट दिला की उरलासुरला मार्गही बंद.

बाहेर अंगणात याला हातभार लागला आहे. पेव्हर ब्लॉक बसवताना खाली भराव घातला, त्यामुळे अंगण जोत्याच्या माथ्याशी आलं. दीड फूट जोतं चार बोटं उरलं. पागोळ्यांचं पाणी आता फरशीवर आपटून थेट भिंतीवर उडतं.

चुन्याचं काम कुणी करत नाही, याचं कारण समजून घ्यायला हवं. चुना भिजवून निदान दोन-तीन आठवडे मुरवावा लागतो. एकास दोन किंवा एकास तीन वाळू, थोडा गूळ, हिरड्याचं पाणी. थर पातळ द्यायचा, अर्ध्या इंचाच्या आत, आणि दुसरा थर द्यायच्या आधी पहिल्याला वेळ द्यायचा. पूर्ण भिंत व्हायला महिना-दीड महिना लागतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे धो धो पाऊस, तेव्हा हे काम होतच नाही. कोरडे महिने म्हणजे दिवाळी ते मे, आणि नेमका तोच हंगाम. ज्या दिवसांत घर दुरुस्त करता येतं त्याच दिवसांत खोल्या विकल्या जातात. सिमेंट तीन दिवसांत उरकतं आणि शनिवारी खोली पुन्हा भाड्याने देता येते. निर्णय तिथे होतो. चुना महाग पडतो म्हणून सिमेंट वापरतात, हे मला पटत नाही. माथेरानात मोटारींना बंदी आहे, सिमेंटची पन्नास किलोची गोणीदेखील घोड्यावरून वर येते. त्याच घोड्यावरून चुना येईल. आणि हिरडा तर अंगणात उभा आहे.

आळीपाळीने दरवर्षी दोनच खोल्या महिना-दीड महिना बंद ठेवल्या तरी दहा वर्षांत अख्खा बंगला सुधारेल. हे मी कळकळीने लिहितोय, कारण असं घर पुन्हा बांधलं जाणार नाही.

शनिवार. रात्र

जेवण. बुफे, सात भांडी, त्यात पनीर दोन प्रकारचं आणि हाका नूडल्स. सगळं कोमट. भांड्यांखालच्या मेणाच्या डब्या एकाआड एक पेटवलेल्या. पन्नास माणसांचं जेवण सात भांड्यांत करण्यापेक्षा तीनच पदार्थ ताटात गरम वाढले असते तर गॅस, नासाडी आणि तक्रारी तिन्ही कमी झाल्या असत्या. सिलिंडरही खालूनच आणावे लागतात.

चादर दमट आहे. धुलाई मागच्या बंद पडवीत दोऱ्यांवर वाळते, पाऊस संपला तरी दोऱ्या तिथेच. गाद्या कापसाच्या आहेत हे चांगलं, पण पावसाळाभर बंद राहिलेली कापसाची गादी दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंनी कडक ऊन खाल्ल्याशिवाय पाहुण्याला देऊ नये. हात लावून गार लागली तर ती ओली आहे असं समजावं.

रविवार. पहाटे

टप् टप् आवाजाने जाग आली. बाहेर पाऊस नाही. इथल्या माकडांच्या उड्यांनी मंगलोरी कौलं सरकतात, दर मोसमात शे-दोनशे बदलावी लागतात, म्हणून मालकांनी पत्रा घातला. पहाटे पत्रा गार होतो, खोट्या छताच्या वरची दमट हवा त्याच्या पोटाला लागते आणि दव धरतं. तेच ठिबकतं. पाऊस नसताना गळणारं छप्पर म्हणतात ते हे. कौलांखाली फटींतून वारा खेळतो, तिथे असं सहसा होत नाही. पत्रा ठेवायचाच असेल तर खोटं छत काढून झरोके उघडावेत, निम्मा त्रास त्या दिवशीच जाईल.

सहानंतर व्हरांड्यात बसलो. इथे मात्र तक्रारीला जागा नाही. लाकडी खांब कोरडे ठणठणीत, लांब हातांच्या खुर्च्या, समोर अंजनीची आणि जांभळीची झाडं, वरच्या फांदीवर शेकरू. या भागाला गेल्या शंभर वर्षांत कुणी नवं काही केलेलं नाही.

रविवार. निघण्यापूर्वी

पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवतो. फोनवर विचारायचं : खोली पावसानंतर कधी उघडली, आणि तिच्या कुठल्या भिंतीला दुपारचं ऊन लागतं. दक्षिण-पश्चिमेची भिंत पाऊस सगळ्यात जास्त खाते, पण उघड्या जागेत असेल तर वाळतेही लवकर. उत्तरेची, झाडाखालची खोली नाकारायची. दिवाळीच्या आत शक्यतो जाऊच नये. वर पोचल्यावर बॅगा उघडण्याआधी पलंग पुढे ओढून त्यामागची भिंत बघायची, कपाट उघडून वास घ्यायचा, गीझर चालू करून वीस मिनिटांनी हात लावायचा. खोली बदलून मागायची ती तेव्हाच, मोटारी थांबतात त्या दस्तुरी नाक्याकडे परत गेलेल्या हमालाला पुन्हा बोलावणं सोपं नसतं.

सामान बांधून झाल्यावर मागच्या बाजूची कोठी बघायला मिळाली. मोडक्या खुर्च्या, जुने कंदील, तांदळाच्या गोण्या. वर कौलं, झरोके उघडे, भिंतीला मूळचा चुना, काही ठिकाणी खरवडलेला, पिवळट. तळहात भिंतीवर टेकवला. कोरडी होती. गोण्याही भिंतीला टेकूनच ठेवलेल्या होत्या, आणि तांदळाला कसलाही वास नव्हता.