पांझरेपलीकडचं गाव : जुन्या नकाशांवरून पूर्वज शोधण्याचा माझा अनुभव

खान्देशात 'पाटील' एवढ्या आडनावावर पूर्वज शोधायला निघालात तर पहिल्याच गावात अडकाल. आमच्या अमळनेर तालुक्यातल्या गावात निम्म्याहून जास्त घरं पाटलांची. त्यातली काही मुळची बोरसे, काही साळुंखे, काही देवरे, काही पवार. पण शाळेच्या दाखल्यावर आणि सातबाऱ्यावर सगळे पाटील. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. दगडू, महारू, झिपरू ही नावं दर दुसऱ्या पिढीत परत येतात. जुन्या कागदात एखादा दगडू सापडला तरी तो आपलाच कशावरून?

म्हणून मी नावाचा नाद सोडला आणि शेत धरलं. माणसं गाव बदलतात, आडनाव बदलतात. शेताचा नंबर बदलतो, पण तो बदलला याची नोंद सरकार ठेवतं, कारण त्यावर शेतसारा बसतो.

सुरुवात सोपी होती. आजचा सातबारा घेतला. त्यावर गट नंबर असतो. तो गट कुठल्या जुन्या सर्व्हे नंबरचा झाला, हे एकत्रीकरण योजनेच्या पत्रकात मिळतं. १९४७ च्या तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायद्याखाली ही योजना गावोगाव राबवली गेली आणि जुने सर्व्हे नंबर मोडून गट पडले. हे पत्रक न मागता थेट जुना नकाशा मागणारे खूप भेटतात. हातात जुना नकाशा येतो, पण आपलं शेत त्यात कुठलं हे कळत नाही. गटावरून सर्व्हे नंबर मिळाला की मग फेरफार, म्हणजे जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेल्याच्या नोंदी. जुने सातबारे आणि फेरफार आता बऱ्याच तालुक्यांचे स्कॅन होऊन सरकारच्या संकेतस्थळावर पैसे भरून मिळतात. त्यातल्या वारसनोंदी म्हणजे अर्धी वंशावळच. अमका मयत, वारस अमुक अमुक मुलगे, विधवा अमकी. मुलींची नावं जुन्या नोंदीत क्वचित. आमच्या पणजीचं नाव मला सापडलं ते फक्त ती विधवा झाल्यामुळे.

फेरफार वही मात्र फार मागे जात नाही. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्याच्या आधी फेरफार नाहीच. आमचा शोध तिथेच, खापरपणजोबांपाशी थांबला. त्यांचं नाव वारसनोंदीत 'मयत' म्हणून येतं. पण त्यांच्या नावावर शेत कधी होतं, कुठून आलं, याचा गावच्या कागदात पत्ता नाही.

इथे दोन गोष्टी कामाला आल्या. एक म्हणजे कानबाईचे रोट. खान्देशातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते आणि तिचे रोट, म्हणजे तिचा नैवेद्य, आमच्याकडे फक्त भाऊबंदच खातात. सून खाते, लग्न झालेली लेक खात नाही. आमच्या रोटाला पांझरा नदीपलीकडच्या एका गावातलं घर येतं. आडनाव वेगळं, सोयरीक नाही, तरी रोटाचं. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आमचे मोठे जिभाऊ एवढंच म्हणायचे, "आपलं जुनं गाव तिकडे होतं, नदीनं नेलं."

दुसरी गोष्ट, आबांच्या पत्र्याच्या पेटीतलं मोडीतलं वाटणीपत्र. मोडी वाचणारे आता सहज मिळत नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती कामाला लागली तेव्हापासून त्यांच्याकडे रांगा आहेत. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळामुळे मोडीची परंपरा आहे, तिथे विचारत विचारत एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांनी कागद वाचला आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्या कागदात एका शेताची चतुःसीमा होती: पूर्वेस नाला, पश्चिमेस देवाचं इनाम, दक्षिणेस शीव, उत्तरेस एका भावाचा वाटा. आणि शिवाराचं नाव आमच्या गावाचं नव्हतं. ते नाव आम्ही कुणी ऐकलेलंच नव्हतं.

आजच्या नकाशात त्या नावाचं गाव नाही. गुगलवर नाही, एसटीच्या बोर्डावर नाही. पण महसुलाच्या यादीत ते निघालं! एकही घर नाही, मतदार नाही, तरी गाव आहे. शिवार स्वतंत्र, सर्व्हे नंबर एकपासून सुरू, नकाशा वेगळा. याला बेचिराग गाव म्हणतात. खान्देशात अशी गावं बरीच आहेत आणि त्याला कारणही तसंच आहे. १८०२ नंतर होळकरांच्या फौजांनी हा मुलूख लुटला, १८०३-०४ चा दुष्काळ त्यावर पडला, मग पेंढारी. १८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला तेव्हा गावंच्या गावं ओस होती. पुढे जमिनी पुन्हा लागवडीला आल्या, पण कसणारे शेजारच्या गावात राहून कसायला लागले. गावठाण रिकामं ते रिकामंच राहिलं.

तुमच्या पूर्वजांचं शेत गावच्या दप्तरात सापडत नसेल तर आधी शेजारची बेचिराग गावं बघा. ज्या लोकांनी माझ्यापाशी 'आमचं रेकॉर्डच नाही' अशी तक्रार केली, त्यांच्यातल्या निम्म्यांनी एका गावापलीकडे पाहिलेलंच नव्हतं.

आमचं बेचिराग गाव नदीच्या पलीकडे, म्हणजे आज शिंदखेडा तालुक्यात, धुळे जिल्ह्यात. हे कळायलाही वेळ गेला. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव पूर्वेचं ठाणं, धुळे पश्चिमेचं. नदीच्या या काठाचं घर एका जिल्ह्यात आणि त्या काठाचं शेत दुसऱ्या. त्याच्याही मागे गेलं तर तालुक्यांची नावंच वेगळी. १८८० च्या गॅझेटियरात, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हा माहितीग्रंथात, शिंदखेडा तालुका नाही, वीरदेल आहे. साक्री नाही, पिंपळनेर आहे. जळगाव तालुका नाही, नशिराबाद आहे. रावेर-यावल सावद्याखाली. जुन्या रुमालांच्या (कापडात बांधलेल्या दप्तरांच्या) यादीत आजचा तालुका शोधत बसलात तर रेकॉर्डकीपर खुशाल 'नाही' म्हणेल, आणि त्याचं खोटं नसेल.

नकाशा मिळवणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, तो थोडक्यात. भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टँप, गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर. फक्त 'नकाशा' न लिहिता गावनकाशा, त्या नंबराचं टिपण (शेताच्या मापांचा कच्चा नकाशा) आणि शेतवार पत्रक (प्रत्येक नंबराचं क्षेत्र आणि खातेदार यांची यादी) असं तिन्ही लिहायचं. एका कार्यालयातून 'जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही' असा शेरा मारून अर्ज परत आला. तेव्हा माहितीच्या अधिकारात नक्कल मागण्याऐवजी अभिलेखाचं अवलोकन मागितलं. जीर्ण कागदाची नक्कल नाकारतात, बघायला नाही म्हणणं त्यांना जड जातं. टेबलावर पसरून बघू दिला, पेन्सिलने टिपून घेऊ दिलं. कर्मचारी चांगला होता, त्यानेच बाजूचा दुसरा रुमाल काढून दिला.

तो नकाशा बघण्यासारखा होता. मुंबई इलाख्यातली रयतवारी मोजणी आधी पुणे भागात बसली, खान्देशात ती १८५० च्या दशकात आली. आणि सुखासुखी आली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोलकडे लोक मोजणीविरुद्ध उठले, सरकारला फौज आणावी लागली. त्यानंतर शंकूसाखळी घेऊन फिरलेल्या माणसांनी काढलेल्या रेषा माझ्यासमोर होत्या. त्यांची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे बरोबर एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर. म्हणजे टिपणावर शेताच्या बाजू साखळी-आण्यात लिहिलेल्या असल्या की कागदावरच क्षेत्र काढता येतं, आणि ते शेतवार पत्रकाशी जुळतंय का तेही तपासता येतं.

गावनकाशा बहुधा एका मैलाला आठ इंच या प्रमाणाचा असतो. त्यावर नाले, गाडरस्ते, विहिरी, देवळं, शिवेचे दगड, तीन गावांच्या शिवा मिळतात ती जागा, सगळं खुणांनी दाखवलेलं. आमच्या नकाशात रेल्वेची पट्टी वेगळ्या शाईत होती. सुरत-भुसावळ लाइन १९०० च्या आसपासची, म्हणजे मूळ नकाशा त्याच्या आधीचा आणि पट्टी मागाहून भरलेली. नकाशावर साल फाटलेलं असेल तर असं रेल्वे, पाट, धरण बघून अंदाज करता येतो.

आता त्या चतुःसीमेकडे. पूर्वेला नाला, दक्षिणेला शीव असलेली शेतं त्या शिवारात चार निघाली. पश्चिमेला देवस्थान इनाम फक्त एकाच्या. इनाम जमिनीचा हा मोठा फायदा. सारामाफीमुळे ती दप्तरात वेगळी लिहिलेली असते आणि सहसा हात बदलत नाही. चतुःसीमा वाचताना आधी देव, नदी आणि शीव धरायची, माणसांची नावं शेवटी. तो नंबर घेऊन शेतवार पत्रक उघडलं तर खातेदाराच्या रकान्यात आमच्या खापरपणजोबांचे वडील. उत्तरेच्या नंबरावर त्यांचा भाऊ. आडनाव दोघांनाही नाही, फक्त नाव आणि बापाचं नाव. बाप एकच.

एवढ्यावर मला थांबता आलं असतं, पण जिभाऊंच्या 'नदीनं नेलं'चं काय? घरी जुन्या नकाशाचा फोटो क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि आजच्या उपग्रह चित्रावर बसवला. यासाठी दोन्हीकडे दिसणाऱ्या न हललेल्या जागा लागतात. नदीकाठ किंवा रस्त्याचं वळण घेऊ नये, ते सरकतात. मी देऊळ, बांधीव विहीर, नाल्यांचा संगम आणि तीन शिवांचे दगड घेतले. कागद आकसलेला असतो, त्यामुळे थोडी चूक राहतेच, पण शेत ओळखायला तेवढं पुरतं. ताडून बघायला सर्व्हे ऑफ इंडियाची शीट वापरली. खान्देशचा बहुतेक भाग ४६ क्रमांकाच्या शीटांत येतो, अमळनेर-चोपड्याकडचा ४६ ओ. आजच्या शीट सरकारी पोर्टलवर फुकट उतरवता येतात. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले अडीच लाखाला एक प्रमाणाचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, तेही फुकट. त्यांत शेत दिसत नाही, पण आज पुसली गेलेली नावं कधीकधी मिळतात.

नकाशात गावठाण नदीपासून बरंच वर, टेकाडावर निघालं. पांझरेचा पूर तिथवर चढणं मला तरी अवघड वाटतं. पुरानं नेलेल्या गावाचं गावठाण एवढ्या उंचावर कसं असेल? माझं मत, गाव त्या लुटालुटीच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत उठलं आणि पुराची गोष्ट मागून चिकटली. जिभाऊंना हे पटलेलं नाही.

प्रत्यक्ष जायचं ते उन्हाळ्यात, रानं मोकळी असताना. पलीकडच्या गावात एका म्हाताऱ्या बाबांनी आधी विचारलं, "कोना पोऱ्या शे रे तू?" मी नाव, मग आजोबांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "तठे आते काहीच नही शे," आणि तरी सोबत आले. टेकाडावर माती बदलली. खाली काळी, वर राखेसारखी पांढरी, खापरांचे तुकडे पेरल्यासारखे. जुन्या गावठाणाला पांढरी म्हणतात ते उगाच नाही. लोक ही माती गाडीने नेऊन शेतात टाकतात, खत म्हणून चांगली असते, त्यामुळे टेकाड अर्धं खरवडलं गेलंय. काही वर्षांनी नकाशातलं गावठाण जमिनीवर ओळखू येणार नाही. मारुतीचा ओटा शिल्लक आहे, त्याला शेंदूर ताजा होता. देवस्थान इनाम याच मारुतीचं.

रोटाचं घर कुठलं तेही आता कळलंय. उत्तरेच्या नंबरावरच्या भावाचा वंश. त्यांच्याकडे पुढे आडनाव वेगळं लागलं, आमच्याकडे पाटील. त्यांच्या घरी जाऊन दोन्ही वारसनोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा त्यांचा थोरला मुलगा पटकन म्हणाला, "काका, त्या शेतात आमचा हिस्सा निघतो का?" सगळे हसले, पण प्रश्न अगदीच थट्टेचा नव्हता. अशा शोधाला निघताना हे ध्यानात ठेवा. वंशावळ जमिनीच्या कागदावरून निघते, त्यामुळे भाऊबंद आधी जमिनीचं विचारणार. मी आधीच सांगून टाकतो की ते शेत आज तिसऱ्याच्या मालकीचं आहे, आणि तो फेरफारही दाखवतो.

१८५० च्या मागे सरकारी नकाशा आम्हाला नेत नाही. त्याच्या मागचा माग कुलदेवीवरून. आमची धनदाई, साक्री तालुक्यातल्या म्हसदीची. पांझरेचाच मुलूख, पण वरच्या अंगाचा, फडाच्या पाण्याचा, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून शेतांना वाटून घ्यायचं. तिथल्या बंधाऱ्यांवर पाणी वाटायला हवालदार, पाटकरी असतात, आणि फडातल्या शेतांच्या याद्या गावाकडेही ठेवलेल्या असतात. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यात आमच्या गावाचं पान आहे का, हे चुलतभाऊ विचारणार आहे. मी म्हसदीच्या आसपासच्या गावांच्या पहिल्या मोजणीच्या कागदांसाठी अर्ज दिलाय. त्यात आजच्या साक्री तालुक्याच्या पुढे 'जुना तालुका पिंपळनेर' हे ठळक लिहिलंय.