टस्कीगी: गेले कार्व्हरांसाठी, रमले विटांत

अटलांटाहून गाडीनं दोनेक तासांत अलाबामातलं टस्कीगी येतं. वाटेत राज्याची सीमा ओलांडली की घड्याळ तासभर मागे जातं, म्हणजे एक तास फुकटात मिळतो. "मावशी, लोक अमेरिकेत न्यूयॉर्क बघतात, तू कॉलेज बघायला निघालीस," भाचा गाडी चालवताना कुरकुरत होता. पण शाळेत असताना इथल्या कॉलेजातले कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचं चरित्र ज्यांनी मराठीत वाचलंय, त्यांना माझा हट्ट कळेल.

कृष्णवर्णीयांना शिक्षण मिळावं म्हणून १९६४पूर्वी निघालेल्या संस्थांना अमेरिकेच्या १९६५च्या कायद्यात वेगळं स्थान आहे. अशा शंभरेक संस्था आजही चालू आहेत. टस्कीगी त्यांतलीच एक. तिचा जन्म मात्र चक्क मतांच्या सौद्यातून झाला. लुईस अ‍ॅडम्स हा पूर्वी गुलाम असलेला कारागीर. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका गोऱ्या उमेदवाराला त्यानं सांगितलं, आमची मतं हवीत तर शाळा द्या. मिळाली! पण वर्षाला २,००० डॉलर, तेही फक्त शिक्षकांच्या पगारापुरते. ना जमीन, ना इमारत. ४ जुलै १८८१ला शाळा सुरू झाली. मुख्याध्यापक बुकर टी. वॉशिंग्टन, वय पंचविशीचं, जन्म गुलामीतला. पहिला वर्ग चर्चजवळच्या पडक्या खोलीत भरे. पाऊस आला की एखादा विद्यार्थी उठून सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा.

पुढे एक जुना मळा विकत घेतला आणि मुलांनी विटा पाडायला घेतल्या. तीन भट्ट्या वाया गेल्या. हातात पैसा उरला नाही, तेव्हा वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ गहाण टाकून चौथी लावली. ती साधली. त्यांचं 'द ओक्स' हे घरही विद्यार्थ्यांनी बांधलेलं. आराखडा रॉबर्ट टेलर यांचा, एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तंत्रज्ञान संस्थेतून पदवी घेतलेले ते पहिले कृष्णवर्णीय. आवारात फिरताना मी इमारतींपेक्षा भिंतींच्या लाल विटाच जास्त बघत होते. भाच्यानं तेवढ्यात दोनदा फोन बघून घेतला.

कार्व्हर इथे १८९६ला आले आणि १९४३ला जाईपर्यंत इथलेच झाले. कापसानं जमिनीचा कस गेलेला, म्हणून शेंगदाणा आणि रताळं लावा, हे त्यांचं सांगणं. पण शेतकरी कॉलेजात कुठले यायला? मग १९०६मध्ये घोडागाडीवर अवजारं आणि बियाणं लादून शाळाच बांधावर नेली. त्यांचं संग्रहालय आहे ते जुन्या धोबीखान्याच्या इमारतीत. १९४७च्या आगीत त्यांची बरीचशी चित्रं गेली, हे ऐकून फार हळहळले. वॉशिंग्टन आणि कार्व्हर यांच्या कबरी आवारातच शेजारी शेजारी आहेत.

एक गोष्ट मात्र खटकली. वॉशिंग्टन यांचा १९२२चा पुतळा प्रसिद्ध आहे: ते ताठ उभे, आणि पायाशी बसलेल्या माणसावरचा अज्ञानाचा पडदा दूर करताहेत. तो माणूस बसलेला का, हे मला काही पटलं नाही.

परतताना गाडीत वाद रंगला. आधी हाताला काम, हक्कांचं नंतर पाहू, हे वॉशिंग्टन यांचं धोरण. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइसनी १९०३मध्ये त्यावर जाहीर टीका केली. ते तेव्हा अटलांटा विद्यापीठात शिकवत होते, त्यामुळे आमचा अटलांटाकर भाचा अर्थातच डुबॉइसच्या बाजूनं. "गोऱ्यांना न दुखावता शाळा चालवायची, मग मताच्या हक्काचं काय?" मी म्हटलं, अरे, ज्या राज्यात माणसांना जमावानं झाडाला टांगत होते, तिथे शाळा टिकवायची होती त्यांना. शिवाय मताधिकार काढून घेणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना ते गुपचूप पैसे पुरवत होते. "गुपचूपच ना?" तो म्हणाला. यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मीच त्याला म्हटलं, आता डुबॉइसचं विद्यापीठ दाखव.