हाक

मंगळवार, रात्री डबा भरून झाल्यावर

आज परत तेच. नाइटवरून येऊन झोपले होते. दुपारी साडेतीनला डोळे उघडले. पंखा दिसतोय, जलद लोकलचा खडखडाट ऐकू येतोय, अंग मात्र ओंडका. दाराशी कुणीतरी उभं. मग छातीवर वजन. मी आईला हाक मारली, होती नव्हती ती ताकद लावून. ती ओट्याशी, चार पावलांवर, चहासाठी आलं किसत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

हा स्लीप पॅरालिसिस, त्याचं कारण मला पाठ आहे. स्वप्नांच्या झोपेत, रेममध्ये, मेंदू हातपाय सैल सोडतो, स्वप्नातलं धावणं अंथरुणात उतरू नये म्हणून. कधी जाग आधी येते आणि ती पकड मागाहून सुटते. डोळे फिरतात, श्वास चालतो, आवाज फुटत नाही. पाठीवर झोपलं, झोपेच्या वेळा विस्कटल्या की जास्तच. माझा तर नाइटचा तिसरा आठवडा. म्हणजे हाक निघालीच नव्हती. मग तिने ऐकली नाही हे एवढं का लागावं?

जपानात याला कानाशिबारी म्हणतात, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडात म्हातारी छातीवर बसते, आजीचा मुंजा. चित्रकार फ्युसेलीचं १७८१चं चित्र मघाशी पुन्हा पाहिलं. निजलेल्या बाईच्या छातीवर सैतान आहे, पडद्याआडून डोकावणारा घोडा आहे. तिची हाक ऐकणारं कुणी नाही. माझंही तसंच. बदलीच्या वेळीही मी किती... जाऊ दे.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने काही न बोलता उशाखाली अडकित्ता सरकवला. मी चिडले, रेम वगैरे सगळं ऐकवलं.

"असेल," ती म्हणाली. "लग्नानंतर लालबागच्या खोलीत मलाही व्हायचं. सात माणसं झोपलेली, तुझे बाबा हातभर अंतरावर. मी ओरडायचे. कुणी उठायचं नाही."

"मग?"

"मग सुटायचं आपोआप. उठून पाणी भरायचे."

इतक्या वर्षांत कुणाला बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही.

तिला म्हटलं, माझे डोळे उघडे दिसले आणि मी गप्प असले, तर पायाला हात लाव. तिने लगेच विचारलं, "अंगठा धरला तर चालेल?"

अडकित्ता काढलेला नाही. उद्या अंथरूण ओट्याकडे तोंड करून घालणार आहे, कुशीवर झोपता येईल असं. चहा टाकताना एकदा बघेन, म्हणालीय.