तारीख नसलेली रजा

२८ मे

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांतला, चौथा दिवस. दुपारी धरमपेठेतल्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं. नागपूरकर उन्हाची तक्रार करत नाही, बढाई मारतो. २०१३ च्या २३ मे ला ४७.९ होतं, ते आम्ही कसं काढलं, हे आजही चारचौघांत निघतं. पण त्या मे महिन्याला सुधारायला मात्र कुणी जात नाही. कामं सकाळी आटोपायची, कूलरच्या ताट्या बदलायच्या, संपलं.

मला स्वतःच्या बाबतीत हे जमत नाही. मिहानमधल्या नोकरीत तारखा सांभाळणं हेच माझं काम होतं. त्यामुळे बर्नआउट होऊन, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून, रजेवर आले तेव्हा समुपदेशक मॅडमना पहिला प्रश्न विचारला तो "केव्हापर्यंत?" हाच. त्यांनी तारीख दिली नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या दिली, तीत त्याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा न आवरलेला ताण, आणि त्याची तीन लक्षणं: थकवा, कामाबद्दल कडवटपणा, आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. आजार नाही म्हटल्यावर आधी बरं वाटलं, मग पंचाईत झाली. रजेच्या अर्जात लिहायचं काय? थकवा लोकांना समजतो. कडवटपणाचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसतं. चांगल्या सहकाऱ्याचा साधा "कशी आहेस?" आला तरी मला फोन भिंतीवर फेकावासा वाटायचा. आता फक्त उलटा करून ठेवते.

आई म्हणते, "अवं, निजून राय नं. काय हिशेब करून राहिली?" झोपेचा हिशेब, हेच उत्तर. ते तिला सांगत नाही.

मागच्या आठवड्यात काटोलला मामाकडे गेले होते. यंदा त्याने संत्र्याचा मृग बहार धरलाय. त्यासाठी उन्हाळ्यात झाडांचं पाणी तोडतात, त्यांना ताण देतात. पानं मलूल होतात, झाड थांबतं, आणि मग मिरगाच्या पावसावर फूल फुटतं. हलक्या जमिनीत हे लवकर साधतं. मामाचं वावर काळं, ओल धरून ठेवणारं, तिथे वाट पाहावी लागते. वाट पाहून पानं कुठे कोमेजायला लागली, तर अवकाळी येऊन गेला. ताण मोडला. आता नुसती नवती, कोवळी पालवी, फुटेल आणि फूल राहील बाजूला, ही धास्ती.

मामा शांत वगैरे अजिबात नव्हता. बांधावर उभा राहून आभाळाला शिव्या घालत होता. "काहून आला बे आत्ताच? कोणं बोलावलं होतं तुले?" मामीने चहा आणला, तोही त्याने चिडूनच प्यायला. आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत खोडांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशकाचा लेप, लावायला निघाला. पावसाळ्यात डिंक्या रोग लागू नये म्हणून ती आधीच लावावी लागते, बहार येवो न येवो. ब्रश फिरवतानाही तोंडाने चालूच होतं.

स्वीकार म्हणजे चेहऱ्यावर कसलीतरी प्रसन्नता यायला हवी, असं मी धरून चालले होते. ती येत नाही, म्हणजे मी यातही नापास. मामाला कुणी ही अट घातलेली दिसत नाही. झाडांशी माझी तुलना मला करायची नाही, झाडांना एचआर नसतो. मला फक्त तो चिडलेला माणूस कामाला जाताना दिसला, एवढंच.

आज ऑफिसची मेल आली, रुजू कधी होणार, निश्चित तारीख कळवा. आधी सवयीने १ जून लिहिलं. मग खोडलं. "तारीख आत्ता सांगता येत नाही. १० जूनला डॉक्टरांची भेट आहे, त्यानंतर कळवते." पाठवून दिली.

तेव्हापासून उत्तर आलं का ते बघतेय. आई म्हणाली, फोन माझ्याकडे दे. दिला नाही.