काळ्यातून खरवडलेली वाफ

आजची नोंद फक्त वाफेपुरती.

फ्रेंच चित्रकार देलाक्रवाची १८२५ ची शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून कागदावर घेतलेला छाप): मॅकबेथ चेटकिणींकडे आला आहे. शेक्सपिअरच्या नाटकातला चौथा अंक, पहिला प्रवेश. कढई रटरटते आहे, भोवती तिघी जणी, आणि आपलं भविष्य ऐकायला उभा राहिलेला राजा. त्याच उन्हाळ्यात देलाक्रवा लंडनला होता, इंग्लिश नट एडमंड कीनला शेक्सपिअरच्या भूमिकांत पाहत होता. पण या चित्रातली भीती नटाच्या हावभावांतून येत नाही, ती वाफेतून येते. आणि ती वाफ रेखाटलेली नाही, खरवडून काढलेली आहे.

एरवी फिक्या दगडावर तेलकट खडूनं चित्र काढतात. इथं बराचसा दगड आधी खडूनं काळाभोर केला आणि मग टोकदार हत्यारानं त्यातून उजेड मोकळा केला. वरवर सोपं वाटतं. अडचण खडूतच आहे. त्यात मेण, साबण, चरबी आणि काजळी असते. काजळी चित्रकाराला दिसावं म्हणून. छापताना शाई धरते ती दगडात मुरलेली चरबी. त्यामुळे नुसती काजळी निघाली तर दगड स्वच्छ दिसतो, आणि शाईचा रूळ फिरला की तिथंच करडा डाग उमटतो. चरबी मुरली आहे तिथवर पातं जायला हवं. फार खोल गेलं की दगडाचा रवा, म्हणजे पृष्ठभागाचा दाणेदारपणा, मोडतो; मग त्या जागी खडूची ती दाणेदार छटा पुन्हा मिळत नाही. दुरुस्तीला फारसा वाव नाही.

या रव्यावरच सगळी कमाल आहे. वाळूनं घासलेल्या दगडाला बारीक उंचवटे आणि खळगे असतात. पातं हलकं धरलं तर उंचवट्यांवरचा खडू निघतो, खळग्यांतला राहतो: करडी छटा. जोर दिला की पांढरं. कढईतून उठणारी वाफ अंधारात विरते तिथं भिंग लावलं की हाताचा हा कमीजास्त जोर चक्क वाचता येतो.

पुढचं काम छापणाऱ्याचं. डिंकाच्या पाण्यात नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालून तो दगडावर लावतो, म्हणजे मोकळ्या जागा पाणी धरतात आणि शाई झिडकारतात. मिश्रण कमजोर पडलं तर ओरखडे शाईनं बुजतात. कडक झालं तर नाजूक करड्या छटा जळून जातात. शाई लावताना दगड ओलाच हवा. क्षणभर सुकला की नको तिथं शाई चढते. इतका काळा भाग असलेल्या चित्रात रुळावर शाई जरा जास्त झाली तरी ती बारीक ओरखड्यांत पसरते.

१८४३ मध्ये देलाक्रवाची 'हॅम्लेट'ची १३ चित्रं प्रसिद्ध झाली. त्यांतलं बापाचं भूत मला चिलखत घातलेल्या माणसासारखं वाटतं. मॅकबेथसमोरची वाफ त्याहून कितीतरी भयंकर आहे, कारण तिला आकार मिळता मिळता राहतो.

प्रत पाहायला मिळाली तर आधी चेहरे पाहू नका. वाफेच्या कडेचे सर्वांत बारीक ओरखडे शोधा. ते कागदासारखे स्वच्छ असतील तर छपाई चांगली. करडे, बुजलेले असतील तर दगड छापून छापून थकलेला किंवा शाई जास्त. पडद्यावरच्या फोटोत हे ओळखायचा प्रयत्न करू नये. फोटोचा कॉन्ट्रास्ट वाढवला की बुजलेले ओरखडेही पांढरे दिसू लागतात.