मखाना पाहायला दरभंग्याला जाणाऱ्या सांगलीकरांसाठी

वाळवा, पलूस आणि मिरज तालुक्यांतील पाणथळ रानांचे मालक सध्या मखान्याच्या, म्हणजे ज्याच्या बियांच्या लाह्या होतात त्या कमळासारख्या पाणवनस्पतीच्या, एजंटांचे आवडते गिऱ्हाईक झाले आहेत. "ऊस जळतो तिथे मखाना पिकतो, एक फूट पाणी साठवा आणि घरी बसा," असे आम्हालाही सांगण्यात आले. परंतु बियाणे, प्रशिक्षण आणि खरेदीची हमी यांच्या करारावर सही करण्याआधी पीक डोळ्यांनी पाहावे, म्हणून आम्ही काही शेतकरी सप्टेंबरात बिहारमधील दरभंग्याला गेलो. घरी बसण्याचा भाग साफ खोटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मुंबईहून पवन एक्सप्रेस थेट दरभंग्याला जाते आणि त्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते स्टेशनाबाहेरच्या गाडीबद्दल. एजंटाने नेमून दिलेल्या माणसाने चालू भाड्याच्या दुप्पट भाडे लावले आणि वर माणशी 'तलाव पाहण्याचे शुल्क' घेतले. तलाव कसणाऱ्या मल्लाह (मच्छीमार समाजातील) कुटुंबाला त्यातला एक रुपयाही मिळालेला नव्हता. उलट त्यांनीच आम्हाला चहा पाजला. पुढे जाणाऱ्यांनी असला मध्यस्थ घेऊच नये. दरभंग्यात २००२ साली स्थापन झालेले राष्ट्रीय मखाना संशोधन केंद्र आहे; आधी पत्र किंवा फोन करून सरळ तिथे जावे आणि 'स्वर्ण वैदेही' या वाणाची माहिती तिथेच घ्यावी.

तलावाच्या बांधावरची वाट हा या प्रवासातला सर्वांत वाईट टप्पा होय. उसाच्या फडात दिवसभर वावरणाऱ्या माणसाला चालण्याचे श्रम जाणवणार नाहीत, पण पावसाने निसरड्या झालेल्या त्या अरुंद बांधावर पाण्यातून ओढून काढलेल्या पानांचे ढीग पडलेले असतात, आणि मखान्याच्या पानाला वरून, खालून, देठाला आणि फळालासुद्धा काटे असतात. एक पान परातीपेक्षा मोठे असते आणि ते चिखलात दबले की दिसत नाही. आमच्यातील एकाच्या चपलेतून आरपार गेलेला काटा संध्याकाळी सुईने काढावा लागला. जाड तळव्याचे, घोट्यावर घट्ट बसणारे बूट घालावेत. सैल गमबूट चिखलात अडकून राहतात आणि पाय तेवढा वर येतो.

काढणी पाहिल्यावर एजंटाच्या बोलण्यातील पोकळपणा कळतो. फळ फुटले की बिया एक-दोन दिवस पाण्यावर तरंगतात आणि मग तळाशी बसतात, त्यामुळे माणसाला पाण्यात उतरून, बुडी मारून, तळाचा गाळ चाळत त्या गोळा कराव्या लागतात. तलावाऐवजी शेतात फूटभर पाणी साठवून पीक घेण्याच्या पद्धतीत बुडी टळते, गाळ मात्र टळत नाही. पुढचे काम त्याहून अवघड आहे. बिया वाळवून चाळण्यांनी आकारानुसार वेगळ्या करतात, कढईत तापवतात, दोन-तीन दिवस मुरू देतात आणि पुन्हा भाजतात. भट्टीपाशी बसलेली बाई कढईतून पाच-सात तापलेल्या बिया उघड्या हाताने उचलून फळीवर ठेवत होती आणि शेजारचा पुरुष त्यावर लाकडी थापी मारत होता. क्षणभर उशीर झाला तर लाही फुटत नाही. हे कसब पिढ्यांचे आहे. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकीच्या केंद्रीय संस्थेने लाह्या फोडण्याचे यंत्र तयार केले आहे, परंतु ज्याला मखान्याचा विचार करायचा आहे त्याने यंत्राचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा.

हिशेबावरून आठवले. आम्हाला दिलेल्या रंगीत कागदावर एकरी बियांचे वजन घेऊन त्याला दुकानातील लाह्यांच्या पाकिटाच्या भावाने गुणले होते. प्रत्यक्षात अडीच-तीन किलो बियांतून सुमारे एक किलो लाही मिळते. शेतातील पद्धतीत उत्तम व्यवस्थापनाने हेक्टरी २५ ते ३० क्विंटल बी येते, म्हणजे एकरी लाही चार क्विंटलच्या आसपास, आणि त्यातून मजुरी व भट्टी वजा व्हायची आहे. दरभंग्याकडे पीक फायद्याचे आहे, यात शंका नाही; तिथे तलाव, पाणबुडे, भट्ट्या आणि व्यापारी एकाच पंचक्रोशीत आहेत.

आपल्याकडचा खरा अडथळा पाण्याच्या वेळापत्रकाचा आहे. रोपांची लावण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान होते आणि तेव्हापासून ऑगस्टपर्यंत रानात पाणी उभे लागते. आपली पाणथळ राने पावसाळ्यात तुंबतात, एप्रिल-मे महिन्यांत मात्र तिथेही पाणी विकत घेतल्यासारखे द्यावे लागते. आणि पीक पक्व होते त्याच सुमारास कृष्णेला पूर येतो. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर तळाशी बसलेले बी कुठे जाईल, या प्रश्नावर एजंट गप्प बसला. रान क्षारपड असेल, तर माती आणि पाणी तपासून घेतल्याशिवाय पुढे एक पैसाही घालू नये.

बियाण्याच्या नावाखाली आम्हाला वाळवलेले काळे बी दाखवण्यात आले. ते लाह्यांसाठी ठीक आहे. पेरणीचे बी ओलाव्यात ठेवावे लागते, म्हणून कोरडे बी पोत्यातून विकणाऱ्याला तिथेच हात जोडावेत.

घरासाठी लाह्या घ्यायच्या असतील, तर स्टेशनाबाहेर घेऊ नयेत. भट्टीवरच घ्याव्यात, मोठ्या आणि बारीक लाह्यांचा भाव वेगळा विचारावा, आणि पोते वजनाला हलके पण आकाराने अवाढव्य होते हे लक्षात ठेवून परतीच्या डब्यात खालचा बर्थ मागावा.